दाजी आणि लाल ठिपके

संगणकावर काडीचा विश्वास नसलेला माणूस संगणकाच्याच नोकरीत किती उपयोगी पडू शकतो, हे समजायला आमचे दाजी पाहायला हवे होते. कँटीनवाल्याच्या बहिणीचे ते यजमान. तो दाजी म्हणायचा, म्हणून नागापूरच्या आमच्या अख्ख्या कारखान्याचेच ते दाजी झाले. चार सर्व्हर त्यांच्या ताब्यात आणि त्या चौघांच्या पोटात चाळीस आभासी, म्हणजे स्वतःचं खोकं नसलेले, संगणक; कारखान्यातली मशिनं त्यांच्याच जिवावर चालायची. भर मे महिन्यात बाहेर नगरचं ऊन डांबर वितळवत असायचं आणि आत एसीत दाजी स्वेटर-कानटोपी घालून, अनवाणी बसलेले. त्या चाळीस जणांवर नजर ठेवणारा एक प्रोग्राम होता. पडद्यावर हिरवा ठिपका म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. दाजी त्या ठिपक्यांना भीक घालत नसत. लाल दिसला की चपला शोधायचे, थेट शॉपवर, मशिनांच्या शेडमध्ये जाऊन मशिनवरच्या माणसाला विचारायचे, "काय रं, चाललंय का तुझं?" तो "व्हय दाजी" म्हणाला, की वाटेत चहा घेऊन सावकाश परत. "साहेब, सांगनाराच आजारी पडला असंल. आधी त्याला बघायचं, मंग बाकीच्यांना," हे मला, म्हणजे त्यांच्या साहेबाला, त्यांनी शंभरदा तरी ऐकवलं असेल. मी पुण्याला शिकून आलेला. मला हसू यायचं.

भाचीच्या लग्नासाठी दाजी मिरजगावला गेले आणि नेमके त्याच दिवशी चाळीसच्या चाळीस ठिपके लाल झाले. त्यांना फोन करणं मला कमीपणाचं वाटलं. मी चारही सर्व्हर धडाधड बंद करून पुन्हा चालू केले. अडकला होता तो फक्त ठिपके दाखवणारा प्रोग्राम; आतले संगणक छान चालले होते, ते मी माझ्या हातांनी पाडले. कारखाना दिवसभर ठप्प झाला, त्या दिवशीच्या मालाच्या तपासणीच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

चौकशीत मी तोंड उघडायच्या आत दाजीच बोलले, "साहेबांना मी कागदावर लिहून द्याया पायजे हुतं. माझंच चुकलं." वरच्यांना कुणीतरी हवाच होता. माझी बढती तोंडावर आलेली. मी मान खाली घालून बसून राहिलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते. दाजींना नोकरी सोडावी लागली.

महिन्याभरानं त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला. मी स्वतः बसून दोन पानं लिहिली. प्रामाणिकपणा, चिकाटी, कामाची जाण, सगळं आलं. चूक माझी होती, एवढं एक वाक्य मात्र माझ्या हातून उतरलं नाही. चार दिवसांनी दाजींचा फोन आला.

"साहेब, येवढं चांगलं कोन लिहितंय ओ आमच्यासारख्याबद्दल? घरात समद्यांना वाचून दाखवलं मी."

आवाज नीट येत नाही, असं सांगून मी फोन ठेवून दिला.