खाऱ्या पाण्यातले देव

आमच्या यांनी पुण्याहून दगड विकत आणले, तेव्हा माजलगावात हसायचं कुणी बाकी राहिलं नाही. आमच्या मुलखात दगडाला काय तोटा? धारूरच्या घाटाकडं नजर टाकली तर दुसरं काही दिसत नाही. आणि हा साखर कारखान्याच्या लॅबमधला शिकलासवरलेला माणूस ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पोती भरून दगड घेऊन येतो! वर त्यांचा वास असा की शेजारीण येऊन विचारून गेली, घरात उंदीर मेलाय का म्हणून.

ते समुद्रातले दगड होते. पुण्यातल्या एका गृहस्थानं हौसेनं घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी केली होती, ती त्यानं मोडली. टाकी आणि दगड यांनी घेतले. असल्या दगडांच्या छिद्राछिद्रांत बारीक जीव राहतात, म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणतात. हे दगड मात्र त्याच्या गच्चीवर पडून पार वाळले होते. पांढरे, हलके, आत मेलेलं सगळं तसंच चिकटलेलं. मी म्हटलं, हे तर मेलेत. हे म्हणाले, पुन्हा जिवंत होतात, फक्त दमानं घ्यावं लागतं.

मला राग आला होता. यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या, डायलिसिससाठी बीडच्या फेऱ्या चाललेल्या, आजारपणापायी नोकरी सुटलेली. घरात स्वयंपाक अळणी, प्यायचं पाणीसुद्धा मोजून. आणि असा माणूस खास मीठ मागवून टबात कालवत बसलाय. ते मीठ बघूनच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर हे शांतपणे म्हणाले, "माझं आता रोज काही ना काही बिघडतच जाणार हाय. एक तरी गोष्ट सुधारताना बघू दे मला."

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे जार मीच आत आणायला लागले.

सगळी कामं त्यांनी कारखान्यातल्यासारखी केली. जुन्या टूथब्रशनं एकेक छिद्र घासलं. दगड टबात भिजत घातले, पाणी बदललं, पुन्हा घातले. उसाच्या रसाची गोडी जशी मापात बघायचे तसा पाण्याचा खारेपणा बघायचे आणि बाटलीतले थेंब टाकून रंग तपासायचे. आतलं मेलेलं सडून संपल्याशिवाय पाणी चांगलं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तोवर घरभर तो घाण वास. पाहुणे यायचे बंद झाले. यांच्या आईला, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, त्याचं काहीच वाटत नव्हतं. पोरगं सकाळी उठून कामाला लागतंय, एवढ्यावरच त्या खूष होत्या.

मग पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसानं खरोखरच्या जिवंत दगडाचा एक तुकडा ओल्या कागदात गुंडाळून पाठवला. हे म्हणाले, हे विरजण. दुधाला लावतात तसं. तो तुकडा त्यांनी टाकीत मधोमध ठेवला आणि आम्ही वाट बघत बसलो. बरेच दिवस काही नाही. मग काचेवर मिठाच्या कणाएवढे किडे पळताना दिसले. एका छिद्रातून पंख्यासारखं काहीतरी बाहेर आलं आणि सावली पडताच झटकन आत गेलं. एका पांढऱ्या दगडावर जांभळा ठिपका धरला. त्या दिवशी यांनी आम्हा दोघींना हाताला धरून टाकीपुढं बसवलं. आत्याबाईंना कमी दिसतं, तरी त्यांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय की, जित्ता झाला हा." यांचा चेहरा तेव्हा जसा होता तसा लग्नातसुद्धा मी पाहिला नव्हता.

टाकीजवळ तांब्याचं भांडं न्यायचं नाही, हे त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. तांबं त्या जिवांना विष. आत्याबाईंना सांगायची वेळच आली नाही, कारण त्या टाकीला कधी हात लावत नसत.

त्यानंतर यांना धाप लागली आणि बीडला दवाखान्यात भरती करावं लागलं. मी यांच्याजवळ, आत्याबाई घरी एकट्या. डॉक्टर नीट काही सांगेनात. मी फोनवर आत्याबाईंना बरंय बरंय म्हणत होते, पण आवाजातलं कळायचं त्यांना कळलंच असणार.

घरी परतलो तेव्हा यांना धरून आणून पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं. त्यांची नजर सरळ टाकीकडं गेली. माझीही गेली. टाकीच्या तळाशी तांब्याचं ताम्हन होतं आणि त्यात आमचे सगळे पितळी देव. आत्याबाईंनी देव पाण्यात ठेवले होते. घरावर संकट आलं की ठेवतात तसे, संकट टळेपर्यंत. फक्त ठेवले ते या पाण्यात. ताम्हनाच्या कडेला हिरवं धरलं होतं. काचेवर एक किडा नव्हता, छिद्रातले पंखे गेले होते.

मी विचार न करता कोपरापर्यंत हात घातला आणि ताम्हन वर काढलं. आत्याबाई धावत आल्या.

"अगं, कावून काढलेस? आजून बरा कुठं झालाय त्यो?" आणि मग मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "ज्या पाण्यानं मेलेला दगड जित्ता केला, त्या पाण्यात ठेवले म्या."

मी ताम्हन खाली ठेवलं. हे खुर्चीवरूनच म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय. मी आलो ना घरी? देवाला बी त्याच्या घरी जाऊ दे." आत्याबाईंनी देव पदरानं पुसून देवघरात ठेवले, पण त्यांचं मन काही भरलं नाही.

संध्याकाळी त्या देवळात गेल्यावर यांनी मला सांगितलं. तांबं दगडात मुरतं. कितीही धुतलं तरी पुन्हा पुन्हा पाण्यात उतरत राहतं. या दगडांवर आता काही उगवायचं नाही. मी म्हटलं, दुसरे आणू, परत विरजण मागवू. त्यांनी मान हलवली. एवढा वेळ कुठं आहे, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

"मायला सांगू नको," एवढंच म्हणाले. पुढं जेवढे दिवस मिळाले तेवढे दिवस रोज टाकीपुढं खुर्ची टाकून बसले. आत्याबाईंना वाटायचं, पोराचं मन रमतंय. मला मात्र त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात ज्वारी निवडत बसलो होतो. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"एक खरं सांग," त्या म्हणाल्या. "देव तू दगडापायी काढलेस ना?"

सगळं खरं सांगितलं असतं तर त्यांच्या ताम्हनानंच दगड मेले तेही सांगावं लागलं असतं. मी एवढंच म्हटलं, हो, दगडांसाठीच काढले.

त्या रडल्या नाहीत, मला शिव्या दिल्या नाहीत. तशा दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुपातल्या ज्वारीवरून हात फिरवला.

"मग त्ये तरी जगले का?"

मी म्हटलं, जगले आत्याबाई.

"मग पाणी बंद करू नको त्येंचं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या.

मी बंद केलेलं नाही. पंप चालू आहे. पाणी आटलं की मी जारमधलं घालते. दिवसातून एकदा आत्याबाई भिंतीला धरत टाकीपाशी येतात आणि विचारतात, कसे आहेत. मी सांगते, बरे आहेत.