खडूवरची ओल

माझ्या आत्याला सगळे शेतकरी खडूताई म्हणत. भूजल कार्यालयाने तिला नेमून दिलेल्या विहिरींवर ती पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा जायची. पोलादी फितीच्या टोकाला निळा खडू फासायचा, फीत विहिरीत सोडायची, वर ओढायची. खडू भिजून जिथपर्यंत गडद झाला, तिथपर्यंत पाणी. दोन मोजण्यांतल्या फरकावरून पावसाचं किती पाणी जमिनीत मुरलं याचा अंदाज बांधला जाई, आणि त्या अंदाजावर नव्या बोअरची परवानगी मिळे.

तिची बोटं कायम निळी. वन्संनी विसळलेला कप कानावरच्या निळ्या ठशावरून ओळखू येतो, असं आई म्हणायची. लग्नाचं कुणी काढलं की आत्या सांगायची, प्रत्येक विहिरीत तळातून एक बाई माझ्याकडे बघते, तिला एकटी टाकून कुठे जाऊ? हे ती हसत सांगायची. ऐकणारा मात्र विषय बदलायचा.

बाबा तिचा धाकटा भाऊ. आमची विहीरही तिच्याच मोजणीत होती. लिंबांची बाग वाळत चालली होती आणि बाबांनी बोअरसाठी अर्ज केला होता. तुझ्या खडूवर माझी बाग आहे, असं ते तिला थट्टेत म्हणत. थट्टा तेवढ्यापुरतीच असे.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला, तरी नंतरच्या मोजणीत आमच्या विहिरीत पाणी बरंच वर दिसलं. आत्या चकित झाली. बाबांनी कौतुकाने सांगितलं की, तू येणार म्हणून सगळ्यांनीच कालपासून मोटरी बंद ठेवल्यात. दरवर्षीच ठेवतात. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं, तसं.

आत्याने फीत गुंडाळायची थांबवली. पावसाळ्याआधी मी येते तेव्हाही ठेवता का, तिने विचारलं. उन्हात कोण ठेवणार, झाडं जळतील की, बाबा म्हणाले.

ती काठावर बसून राहिली. उन्हाळ्यात उपसून दमलेली विहीर मोजायची आणि पावसानंतर विसावलेली. इतकी वर्षं ती ज्याला पाऊस समजत आली, त्यात बराचसा पाहुणचार होता. या भागातला फरक धरू नका, असं तिने त्याच दिवशी कार्यालयाला कळवलं. परवानग्या थांबल्या. बाबांचीही.

"लोकांनी तुझा मान ठेवला," बाबा म्हणाले, "आणि तू त्यांचं पाणी तोडलंस."

"आहे ते मी कशाला तोडू?" आत्या म्हणाली. "नव्हतं, तेवढंच खोडलं."

मग दोघांचा अबोला. एकाच टेबलाशी जेवायचे, पण मिठाची बाटलीसुद्धा आईमार्फत मागायचे. मी काय टपालखातं आहे का, म्हणून आई वैतागायची. हिवाळ्यात बाबांनी बागेच्या पलीकडच्या अर्ध्या भागातली झाडं तोडली. आत्या काटेरी फांद्या ओढून बांधावर टाकत राहिली. तिच्या निळ्या बोटांवर बारीक लाल ओरखडे उठले.

उन्हाळा आला. मोजणीच्या आदल्या दिवशी बाबा डोक्याला पंचा गुंडाळून विहिरी-विहिरींवर फिरले आणि सगळ्यांना मोटरी बंद ठेवायला लावल्या. आता तळ दिसतोय, ताईंना दाखवायचं तरी काय, असं एकाने खोचकपणे विचारलं.

"दाखवायचं काही नाही," बाबा म्हणाले. "तिला मोजायचंय."

दुसऱ्या दिवशी आमच्या विहिरीतून फीत वर आली, ती कोरडी. आत्याने टोकाला पुन्हा खडू फासला आणि फीत आणखी खाली सोडली. पुन्हा कोरडी. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मागे उरलेल्या झाडांची पानं कडेने वळली होती. मोटर चालू कर, एवढंच म्हणायचं बाकी होतं, आणि ते कदाचित तीच म्हणाली असती.

बाबांनी फितीची चकरी तिच्या हातातून आपल्या हातात घेतली.

"अजून सोडू या, ताई," ते म्हणाले.

या वेळी टोक भिजून आलं, बोटाच्या पेराएवढं. बाबांनी त्यावर अंगठा ठेवून पाहिला. मग तो निळा अंगठा ते बराच वेळ पुसायला विसरले.