समासातले खुलासे

पुस्तकांचं संपादन करते असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे शुद्धलेखन तपासता का? मी हो म्हणते. खरं सांगितलं तर कुणी हस्तलिखित हाती देणार नाही. दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसायचं, तेही त्याच्याच परवानगीनं, असं हे काम आहे. माझ्या स्वभावाला ते मानवतं.

चिकलठाण्याच्या माझ्या घरी, जेवायच्या टेबलावरच माझं ऑफिस चालतं. तिथं एका सकाळी वैजापूरहून एक काका आले. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कचेरीतली जुनी दप्तरं बांधतात तसं आत्मचरित्र लाल फडक्यात बांधून आणलं होतं.

"म्याडम, छापलं नाय तरी चालंल," ते म्हणाले. "पण आमच्या घरच्यांनी एकदा वाचावं, एवढं करून द्या."

घरचे म्हणजे बायको. काकूंनी तीन पानं वाचून गठ्ठा मिटला होता. "चाळीस वर्षं तुमची कचेरी ऐकली, आता वाचू पण का?" असं म्हणून त्या गहू निवडायला बसल्या होत्या. हे सांगताना काकांचा चेहरा इतका पडला की मी काम घेतलं.

वाचायला लागल्यावर मात्र मला काकूंची बाजू पटली. "उपरोक्त कालावधीत विवाह संपन्न झाला" एवढ्यात लग्न उरकलं होतं. पुढच्याच पानावर कचेरीच्या नव्या लोखंडी कपाटाची कहाणी, लांबी-रुंदीसकट. वडील वारले तो परिच्छेद "सबब रजा मंजूर" इथं संपत होता.

माझी पद्धत अशी की खोडाखोड करायची नाही, समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहायचे. लेखकानं त्यांची उत्तरं मजकुरात मुरवायची. मी लिहिलं, "लग्नात जेवायला काय होतं?" "वडील गेल्याचं कुणी सांगितलं?" "कन्नडला बदली झाली तेव्हा काकू काय म्हणाल्या?" आणि दप्तर परत पाठवलं.

पंधरा दिवसांनी ते आलं. मजकुराला काकांनी बोटही लावलं नव्हतं. माझ्या प्रत्येक प्रश्नाखाली मात्र निळ्या शाईत, क्रमांक टाकून, खुलासा सादर केला होता. वरून विचारणा आली की मूळ कागदाला हात लावायचा नाही, खुलासा द्यायचा, ही जन्मभराची सवय. मी कपाळावर हात मारला आणि वाचू लागले.

"जेवायला बुंदी होती. माझ्या ताटापर्यंत येईस्तोवर संपली. हिनं गुपचूप स्वतःच्या ताटातली सरकवली." त्याच्या पुढं, "वडिलांचं शिपायानं सांगितलं. तेव्हा मी कागदांवर शिक्के मारत होतो. समोरचे सगळे कागद पुरे केले, मगच उठलो. का, ते सांगता येत नाही."

हा माणूस लेखक होता हो! फक्त त्याला कुणी विचारणा केली नव्हती. मग मला चेवच चढला. दोन महिने मी प्रश्नांचा मारा केला. काका कुठं लाजून आटोपतं घेतायत असं दिसलं की त्यांच्याच भाषेत दम द्यायचा, "खुलासा असमाधानकारक. तात्काळ फेरसादर करावा." बिचारे खरंच फेरसादर करायचे. समास पुरेनात तेव्हा पुरवण्या जोडल्या. शेवटी मी मूळ मजकूर बाजूला ठेवला, माझे प्रश्न काढून टाकले आणि नुसते खुलासे ओळीनं टाइप करून त्यांच्या हाती दिले.

काका हादरले. "म्याडम, ह्ये खासगीतलं व्हतं. तुम्ही इचारलं म्हणून सांगितलं."

त्यांना धास्ती होती ती बदलीच्या पानाची. तिथं लिहिलं होतं, "पोरांच्या शाळेमुळे ही कन्नडला येणार नाही म्हणाली. मला राग आला. पहाटे तिनं करून दिलेला डबा मी मुद्दाम ओट्यावर ठेवून निघालो. विसरलो, असं आजवर सांगत आलो."

"काकूंनी वाचायला हवंय ना?" मी म्हणाले. "मग हे पान राहू द्या."

म्हणाले खरी, पण ते गेल्यावर माझ्या जिवाला घोर लागला. चांगल्या चाललेल्या संसारात आपण काडी तर टाकली नाही? तीन दिवस मला दुसऱ्या कुठल्या कामात लक्ष घालता आलं नाही.

चौथ्या दिवशी दोघं दारात. पुढं काकू, हातात गठ्ठा. मागं काका, मान खाली.

"वाचलं," काकू बसता बसता म्हणाल्या. "दोनदा वाचलं. पर डब्याचं पान आर्धंच लिव्हलंय."

"म्हणजे?"

"मुद्दाम ठिवला ते मला तवाच कळलं व्हतं. इसरणारा माणूस जाताना डब्याकडं दोनदा बघत नाय. मग दुपारच्या यष्टीनं म्याच तो कंडक्टरच्या हाती कन्नडला धाडला. तिसऱ्या दिवशी रिकामा माघारी आला, लख्ख घासून." त्यांनी काकांकडं बोट दाखवलं. "घरात जन्मात कधी कप इसळला नाय ह्यांनी. तिथं कुणी घासला, इचारा."

काकांचे कान लाल झाले. "म्या घासला," ते पुटपुटले. "राखेनं."

काकूंनी टेबलावरचं पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

"तोंडानं नगं. लिव्हा. मला वाचायचंय."