हमामखान्यातले दोन तास

दालेंदा, तू पत्रं वाचतेस, उत्तर देत नाहीस. चालेल. मध्ये बोललेलं मला तसंही खपत नाही.

सूस शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या आठवड्यात तुला ‘ऑटिझम’ असल्याचं सांगितलं. तुझ्या एक्केचाळिसाव्या वर्षी. तुझी आई रडली. मला काहीच झालं नाही. मी चहा टाकला.

शिवण टोचते म्हणून तू सदरा उलटा घालायचीस. मुलुखियाची पालेभाजी शिजायला लागली की वासाने गच्चीवर पळायचीस. आम्ही त्याला हट्ट म्हणायचो. मी गणिताची मास्तरीण. हट्टावरचं माझं औषध सगळ्या महदिया गावाला ठाऊक होतं.

तुझ्या थोरल्या बहिणीचं, सलवाचं लग्न ठरलं तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. नवरीच्या स्नानाला सासरच्या बायका गावच्या सार्वजनिक हमामखान्यात येणार आणि घरातली एकेक मुलगी पारखून घेणार. तू तिथे किंचाळलीस तर ‘या घरात वेड आहे’ म्हणून सोयरीक मोडणार. सलवाची आधीची एक अशीच मोडली होती.

“वन्सं, हिला ताप आलाय म्हणून सांगू,” तुझी आई म्हणाली.

“म्हणजे त्या बघायला घरी येतील. वहिनी, तुम्हाला ना काही सुचत नाही. दालेंदा, दोन तासांचा प्रश्न आहे. तोंड उघडायचं नाही.”

“आत्या, तिथले आवाज छताला आपटून परत येतात. दोनदा ऐकावे लागतात.”

“मग दोनदा ऐक.”

तू बसलीस. घुमटाखाली डफ, बायकांचे चिरके जल्लोष, पाठीवर खरखरीत हातमोजा. नवऱ्यामुलाची काकू तुला घासत म्हणाली, “अगबाई, ही बोलते की नाही? का लोण्याची बाहुली आणून बसवलीत?”

“लाजते,” मी म्हटलं.

“लाजू दे. आमच्याकडे सगळ्या भोंगेच आहेत!”

सगळ्या हसल्या. तू एका टवका उडालेल्या फरशीकडे बघत होतीस. दोन तास.

लग्न झालं. सलवाला आता तीन मुलं आहेत, सुखात आहे. म्हणजे माझा हिशेब चुकला नव्हता. तू अकरा महिने एक शब्द बोलली नाहीस. मीही काही विचारलं नाही.

मग एका दुपारी माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, “आत्या, पुरुषांची वेळ संपते आणि बायका यायच्या असतात, तेव्हा अर्धा तास हमामखान्यात कुणीच नसतं. मला गरम पाणी आवडतं. मी एकटी येऊ का, असं मालकिणीला विचारशील?”

“उद्या विचारते.”

मालकीण माझी जुनी विद्यार्थिनी, ती नाही म्हणाली नसती. माझा शाळेचा रस्ताही तिच्या दारावरूनच होता. दुसऱ्या दिवशी पेपर तपासायचे होते. तू दोनदा आठवण करून दिलीस, नंतर दिली नाहीस. मी अजून विचारलेलं नाही.