शेतीबाह्य रकाना

आमच्या गावाची नगरपंचायत व्हायची होती, तेव्हा घरोघरी फिरून याद्या मी भरल्या. मी अंगणवाडी सेविका. गावातलं काहीही मोजायचं असलं की कागद आमच्याच हातात येतो. गावाला शहर ठरवायला काही अटी असतात. त्यातली एक अशी, की कमावत्या लोकांपैकी ठरावीक हिस्सा शेतीबाहेरच्या कामावर हवा. म्हणून यादीत दोन रकाने होते, शेती आणि शेतीबाह्य.

ओढ्यापलीकडचा तांडाही गावच्याच हद्दीत. तिथली माझ्या वयाची एक बाई रोजगार हमीवर जायची, रस्त्यावर माती टाकायला. तिची सगळी लेकरं माझ्या अंगणवाडीतून गेलेली. तिला शेत नाही, आणि माती टाकणं म्हणजे शेती नव्हे, म्हणून मी तिच्या नावापुढे शेतीबाह्य लिहिलं. तांड्यातल्या बाकीच्या बायांपुढेही तेच. हे चांगलं असतं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, चांगलंच. मलाही नळ हवा होता, नाल्या हव्या होत्या. ग्रामसभेत ठरावाला मीही हात वर केला होता.

गाव अटीत बसलं. हरकतींची मुदत चालू असताना ग्रामपंचायतीच्या रोजगार सेवकानं बोलता बोलता सांगितलं, की हमीचं काम खेड्यापुरतं. नगरपंचायत झाली की इथलं मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, बंद. मी चहा संपवला आणि तांड्यात गेले.

तिची सासू अंथरुणाला खिळलेली. सकाळी लवकर कामाला लागायचं, दुपारी घरी येऊन म्हातारीला पाणी पाजायचं, कूस बदलायची, हे सगळं काम जवळ होतं म्हणून जमत होतं. तिनं माझं ऐकून घेतलं.

"बाई, आमी हमीवर जातो म्हणून गाव शहर झालं, अन् शहर झालं म्हणून हमी जानार. हे कोन्तं गणित हाय?"

मी लिहिलं ते खोटं नव्हतं. रकाने दोनच होते. पण त्या रकान्याचं पुढे काय होणार, हे मी कुणाला विचारलं नव्हतं, आणि तिला मात्र चांगलंच म्हणून बसले होते.

मी हरकतीचा अर्ज लिहिला: तांडा हद्दीतून वगळावा, नोंदी माझ्याकडून चुकल्या आहेत. सरपंच नाराज झाले. गाव पुढं जाऊन राहिलं अन् आपलीच बाई आडवी येऊन राहिली, असं चार लोकांत म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. शहर झाल्याशिवाय पाण्याची मोठी योजना मिळत नव्हती.

सुनावणीला आम्ही दोघी बसनं हिंगोलीला गेलो. साहेबांनी अर्ज नीट वाचला. नोंदी दुरुस्त होतील म्हणाले, पण हद्द गट नंबरांवर ठरते. तांड्याच्या पुढे कॉलेज आहे, ते शहरात घ्यायचं तर मधले गट सोडता येणार नाहीत. बाहेर आल्यावर तिनं भजी घेतली, निम्मी मला दिली.

"आता आमी शहरवाल्या," ती म्हणाली. "गवऱ्या थापायला परवानगी लागल का हो बाई?"

नगरपंचायत झाली. पाटी बदलली, घंटागाडी आली, तांड्यातही येते. मस्टर मात्र पुन्हा निघालं नाही. ती आता लांबच्या गावांना हळद काढायला जाते. सकाळी सहाला ऑटोत बसते, ती दिवस मावळता परतते. माझी अंगणवाडी दुपारी सुटते, म्हणून तिच्या सासूकडे मी जाते.

पहिल्या दिवशी म्हातारीनं विचारलं, सून काहून आली न्हाई, तू काहून आलीस. मी सरळ सांगितलं, की यादी मी लिहिली आणि त्यात तिचं जवळचं काम गेलं.

म्हातारीनं उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे बोट केलं.

"मंग पाज पानी," ती म्हणाली. "अन् रोज येत जाय."