मी संस्थेला काय पुरवलं

"तुमच्या फर्मचं नाव?"

टेबलामागच्या मुलीने यादीतून मान वर न करता विचारलं. डब्लिनमधल्या एका हॉटेलचा हॉल. दारावर पाटी, 'क्रेडिटर्स मीटिंग', म्हणजे बुडालेल्या संस्थेकडे ज्यांचं येणं आहे त्यांची बैठक. माझ्या पुढे फोटोकॉपी मशीन पुरवणारा होता, त्याच्या पुढे बस भाड्याने देणारा. दोघं सही करून आत गेले.

"फर्म नाही," मी म्हणाले.

"मग संस्थेला काय पुरवत होतात? माल की सेवा?"

मागे रांग. काय पुरवत होते मी? दहा वर्षांची होते. दर मंगळवारी साडेचारला जात होते.

"माझा क्लेम वेगळा आहे."

आता तिने वर बघितलं. तिला कळलं. ती लाल झाली आणि रकान्यात लिहिलं, 'इतर'.

आणि मी तिला सॉरी म्हणाले. मी!

ही संस्था गावोगावी मुलांना संगीत शिकवायची. बाबा तेव्हा मलिंगारच्या हॉस्पिटलात डॉक्टर. आम्ही नागपूरहून नुकते आलेलो, वर्गात सावळी मी एकटीच. मुलगी इथल्या मुलांत मिसळावी म्हणून आईने मला टिन व्हिसलच्या क्लासला घातलं. पत्र्याची छोटी बासरी असते ती. सर पन्नाशीचे, गावाचे लाडके. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचे. आई खाली गाडीत हीटर लावून बसलेली असायची.

चार महिन्यांनी मी आईला सांगितलं. त्या गाडीतच. जेवढे शब्द येत होते तेवढ्यांत.

तिने हीटर बंद केला. मग म्हणाली, "बाबांना कळता कामा नये. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट सहा-सहा महिन्यांचं असतं. आपण परके आहोत इथे."

दुसऱ्या दिवशी तिने क्लासला फोन केला. होमवर्क फार असतं, म्हणून बंद करतोय. क्लास सुटला. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. मला आठवतं, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आपल्या जागी कोण जाईल, असा विचार मनात आला होता. तो मी बाजूला सारला होता. दहा वर्षांच्या मुलीलाही एवढं समजतं. मला समजलं होतं.

मोठेपणी मी सॉफ्टवेअरमध्ये गेले, डब्लिनजवळ स्वोर्ड्सला घर घेतलं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. मग एकेक बाई बोलायला लागली. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या शिक्षकांबद्दल. क्लेम वाढले तशी संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. वकिलांनी उरलेले पैसे सगळ्यांत वाटून दावे मिटवायची एक योजना मांडली, तिच्यावर मतदान ठरलं. मीही क्लेम लावला होता. त्या सकाळी आई म्हणाली, "सही कर आणि मोकळी हो. तिथे कुणाशी बोलत बसू नकोस."

हॉलशेजारच्या खोलीत संस्थेचा वकील बसला होता. तरुण, नम्र. त्याने एक तक्ता पुढे सरकवला. चार रकाने. पहिल्यात 'अनुचित वर्तन'. पुढे पुढे शब्द जड होत गेलेले.

"आपण कशात बसता, तेवढी खूण करा."

दार उघडं होतं. बाहेर लोक चहा घेत होते. माझी खूण चौथ्या रकान्यातली. मी पहिल्यात केली. तो माणूस माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर चौथ्या रकान्यापर्यंत माझा हात जाईना.

"ग्रँड," तो म्हणाला, इथे 'ठीक आहे' म्हणतात तसं, आणि कागद फाइलमध्ये ठेवला.

चहाच्या टेबलाशी एका बाईने मला नावाने हाक मारली. नीव्ह. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. ती इथे कशी, हे विचारायची गरज नव्हती.

"तू मंगळवार सोडलास ना," ती म्हणाली, "म्हणून मला जागा मिळाली. मी वेटिंग लिस्टवर होते. आई किती खूश झाली होती!"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तू का सोडलास गं? मला नेहमी वाटायचं विचारावं."

"होमवर्क," मी म्हणाले.

ते आपोआप आलं. आईने शिकवलेलं उत्तर, इतक्या वर्षांनी, तसंच्या तसं. नीव्हने मान डोलावली. तिला ते खरं वाटलं. मला स्वतःची किळस आली.

मग सगळे आत बसलो. वकील योजना समजावू लागला. सही केली की संस्थेवरचा, तिच्या विमा कंपनीवरचा आणि तिच्या शिक्षकांवरचा दावा संपतो. कुणी काही कबूल केलेलं नाही, असं कागदात स्पष्ट आहे. "संस्थाच उरणार नाही," तो म्हणाला, "तेव्हा दोष कुणाचा, हे शोधत बसण्यात आता कुणाचंच हित नाही."

मी उभी राहिले. ठरवून नाही.

"माझा फॉर्म चुकलाय. परत द्या."

"मीटिंगनंतर ईमेल केलात तरी चालेल."

"आता द्या. मी पहिल्या रकान्यात खूण केली. ते खोटं आहे. चौथा."

फोटोकॉपीवाल्याने मान खाली घातली. मी नीव्हकडे वळले.

"होमवर्क नव्हतं. मी आईला सगळं सांगितलं होतं. आम्हाला माहीत होतं, आणि आम्ही गप्प बसलो."

नीव्हने माझ्याकडे बघितलं. बॅग उचलली आणि निघून गेली. मी नंतर तिला दोन मेसेज केले. उत्तर नाही. ते यावंच, असं म्हणायचा मला हक्क नाही.

योजना मंजूर झाली. बहुतेकींनी सही केली. त्यांना मी नावं ठेवत नाही. थकल्या होत्या त्या, काही म्हाताऱ्या होत्या. मी सही केली नाही. पोलिसांकडची तक्रार मात्र कुठल्याही योजनेत मिटत नाही, हे मला त्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वाचायला मिळालं. दुसऱ्या आठवड्यात मी गार्डा स्टेशनला, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, जाऊन जबाब दिला. दोन दिवस लागले. सर अजून जिवंत आहेत.

घरी आल्यावर आईने विचारलं, "माझं नाव नाही ना घातलंस त्यात?"

"घातलंय. गाडीत तू काय म्हणालीस तेही."

"लोक काय म्हणतील माझ्याबद्दल?"

"जे आहे ते म्हणतील. माझ्याबद्दलही."

ती रडली. मी जवळ गेले नाही. एवढंच सांगितलं, "आई, ते तुला बोलावतील. काय सांगायचं ते तू ठरव. पण यापुढे मी तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. आणि स्वतःसाठीही नाही."