क्रुसाच्या बाजूची गाठ

तिश्काल गावात कुणाच्या घरी निजायची झोळी टांगायची असली आणि सोस्तेना काउइच बाई तिथे हजर असल्या, तर शहाण्या माणसाने दोर त्यांच्या हातात द्यावा आणि मुकाट बाजूला व्हावं. स्वतः बांधायला गेलं की मागून आवाज ठरलेला. "हे काय बांधलंस रे? गाठ आहे की शेवयांचा गुंता?" मग बाई पुढे व्हायच्या, दोराचं शेपूट ओढून तुमची मेहनत जमिनीवर आणायच्या आणि स्वतःची गाठ मारायच्या. घायपाताच्या दोराचे तुळईला तीन वेढे, झोळीच्या टोकाच्या वळ्यातून, म्हणजे कानातून, एक फेर, मग दोर स्वतःच्याच पोटाखालून घेऊन अर्धा फास, आणि त्या फासात उजवा अंगठा घालून अशी ओढ द्यायची की दोर कुरकुरलाच पाहिजे. शेवटी गाठीवर थुंकायचं. थुंकीने घायपात फुगतो आणि घट्ट धरतो, असं त्यांचं म्हणणं. त्या थुंकल्यावर हो म्हणण्यावाचून कुणाला गत्यंतर नसे.

"सुरगाठच आहे," त्या कंबरेवर हात ठेवून सांगायच्या, "पण बैल झोपला तरी ढिम्म हलणार नाही, आणि शेपूट ओढलं की एका दमात मोकळी. निरगाठ काय, कुठलंही गाढव मारतं."

तिश्कालात खाट म्हणजे श्रीमंताचे चोचले. बाकीचं गाव झोळीत जन्मतं, झोळीत संसार करतं आणि झोळीतच डोळे मिटतं. तेव्हा गाठीला मान असायचाच. फक्त तो सगळा मान आपल्या उजव्या अंगठ्याचा आहे, अशी सोस्तेनाबाईंची पक्की समजूत होती. त्यांचा नवरा तिबुर्सिओ बारा वर्षांपूर्वी दुपारचा झोळीत पडल्या पडल्या गेला. लोक सांत्वनाला आले, तर बाई डोळे पुसत प्रत्येकाला सांगत होत्या, "गेला हो. पण पडला नाही."

घर झावळ्यांनी शाकारलेलं, आणि जमीन सिमेंटची. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला टेबलावर हिरवा क्रूस, त्याला बाईंनी स्वतः शिवलेला भरतकामाचा चिमुकला झगा. झोळी नेहमी दाराकडून क्रुसाकडे टांगायची, डोकं क्रुसाकडे. दाराच्या बाजूची गाठ घरातल्या कुणीही मारावी, क्रुसाच्या बाजूची फक्त बाईंनी. "पायाकडची सुटली तर माणूस ढुंगणावर आपटतो," त्या म्हणत, "डोक्याकडची सुटली तर पाद्रीबाबाला बोलवावं लागतं."

या नियमाखाली सगळ्यात जास्त भरडली गेली ती त्यांची सून ग्रिसेल्दा. ती पुएब्लाच्या डोंगराकडची, थंड मुलखातली, पलंगावर वाढलेली. बाईंचा मुलगा लादिस्लाओ कानकुनला एका हॉटेलात स्वयंपाकी होता आणि ती तिथेच चादरी धुवायची. तो तिला घेऊन घरी आला त्या दिवशी सासूने पाणी विचारायच्या आधी हातात दोर दिला. पोरीने जमेल तशी गाठ मारली आणि झोळीत बसली, पण पायाची बोटं जमिनीला टेकवून.

"पाय उचल, वाच," सोस्तेनाबाई म्हणाल्या. "स्वतःच्या गाठीवर भरवसा नाही तर जमिनीवर झोप."

वाच म्हणजे परमुलखातून आलेलं माणूस. आमच्याकडे हा शब्द नुसता उच्चारला तरी अर्धी शिवी होते. ग्रिसेल्दाने पाय उचलले आणि धाडकन खाली आली. आवाज ऐकून अर्धी गल्ली गोळा झाली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तिने तीन मुलं वाढवली, माया भाषा शिकली, तिच्या हातच्या मक्याच्या भाकरीला गावात कुणी नाव ठेवत नाही, तरी सासूच्या तोंडी ती अजून वाचच. रोज दुपारी ती दाराच्या बाजूची गाठ मारायची आणि रोज दुपारी सासू ती सोडून पुन्हा बांधायची. आधी गरज होती म्हणून, नंतर दुपारची करमणूक म्हणून.

दोन वर्षांपूर्वी हे सोडणं एकाएकी थांबलं. बाई त्या गाठीवर एक चापट मारायच्या आणि म्हणायच्या, "चालेल. वाचच्या मानाने." कारण विचारलं तर म्हणायच्या, कंटाळा आला बाई तुला शिकवून. खरं कारण उजवा अंगठा होता. सकाळी तो लाकडासारखा व्हायचा. कॉफीचा पेला दोन हातांनी धरावा लागायचा, मक्याचे दाणे सोलताना कणीस निसटायचं. बाईंनी हे कुणाला कळू दिलं नाही. आपण कळू दिलं नाही, असं निदान त्यांना वाटत होतं.

प्रत्यक्षात गेलं वर्षभर रोज दुपारी बाईंची पाठ वळली की ग्रिसेल्दा क्रुसाकडची गाठ हळूच आवळून ठेवायची. ही गोष्ट तिघींनाच ठाऊक होती: ती, तिची थोरली लेक येसेनिया, आणि शेजारच्या दोन्या, म्हणजे बाई, क्लेओफास. म्हणजे सगळ्या गावाला.

आणि मग येसेनियाचा मुलगा चार महिन्यांचा झाला. आमच्याकडे मुलगा चार महिन्यांचा झाला की त्याचं हेत्समेक करतात. धर्ममाता त्याला पहिल्यांदा कडेवर घेते, टेबलाभोवती फिरवते आणि त्याच्या मुठीत वही, पेन्सिल, छोटा कोयता असं काय काय देते, म्हणजे पोर मोठेपणी कामाचं निघतं. लादिस्लाओच्या मुठीत त्याच्या वेळी काय दिलं होतं कोण जाणे, बहुतेक चमचा. विधी झाला की पोराला सगळ्यांसमोर घरातल्या झोळीत निजवायचं. सोस्तेनाबाईंनी आजवर घरातल्या प्रत्येक पोराची झोळी टांगली होती, आणि एकही पडलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी परसात टर्कीचं काळं कालवण रटरटत होतं. येसेनिया आईच्या कानाला लागली. "आई, आज दोन्ही गाठी तूच मार गं. मी माझं पोर चिचीच्या गाठीवर नाही निजवायची." चिची म्हणजे आजी.

"हळू बोल," ग्रिसेल्दा म्हणाली. "तिची पाठ वळली की मी आवळते. रोज आवळतेच की."

पण म्हातारीचा अंगठा गेला होता, कान शाबूत होते. सुनेचं कुजबुजणं नाही, पण नातीचं बोलणं त्यांनी स्वच्छ ऐकलं. त्या घरात गेल्या, क्रुसाकडची गाठ मारली, दोनदा थुंकल्या, आणि त्या गाठीखाली खुर्ची टाकून बसल्या. ग्रिसेल्दाने दाराकडची गाठ मारली आणि वाट बघत राहिली. बाई हलेचनात. पाहुणे आले, हलल्या नाहीत. जेवणाचं ताट त्यांनी तिथेच मागवलं.

"आई, जरा पाय मोकळे करून या ना," ग्रिसेल्दा म्हणाली.

"माझे पाय मोकळेच आहेत. तुझा नवरा या गाठीवर झोपला, तुझी पोरं झोपली. आता या पोराला माझी गाठ नको झाली असेल तर सांगा, मला याच दोराने बांधून स्मशानात नेऊन ठेवा!"

दोन्या क्लेओफास धर्ममाता होत्या. त्यांनी पोर कडेवर घेऊन फेऱ्या मारल्या, कोयता दिला, वही दिली. पोराने वही चोखली आणि खांद्यावर मान टाकून झोपी गेलं. सगळे झोळीभोवती जमले. नाइलाजाने बाई खुर्चीवरून उठल्या. क्लेओफास पोराला घेऊन पुढे झाल्या, तशी ग्रिसेल्दा मध्ये उभी राहिली.

"थांबा. आधी मी बसून बघते."

"काय?" सोस्तेनाबाईंचा आवाज तुळईला लागला. "वाच माझ्या गाठीची परीक्षा घेणार? क्रुसासमोर?"

क्लेओफासना अशा वेळी गप्प बसवत नसे. "अहो दोन्या सोस्तेना, रागावता काय? मला मेलीला दोन्ही गाठी सारख्याच दिसतात. तुमची कुठली नि तिची कुठली, तुम्हाला तरी ओळखू येते का आता?"

"मला?" बाई हसल्या. "डोळे बांधून ओळखीन."

क्लेओफास याचीच वाट बघत असाव्यात. त्यांनी पोर येसेनियाच्या हातात दिलं, खांद्यावरची शाल काढली आणि बाईंच्या डोळ्यांवर करकचून बांधली. पोरासोरांनी त्यांना तीनदा गरगर फिरवलं. लादिस्लाओ तोंडातला टर्कीचा घास चावायचा थांबला, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळावं.

बाई हात पुढे करून चाचपडत निघाल्या आणि पहिल्या गाठीशी पोचल्या. बोटं वेढ्यांवरून फिरली, फासात गेली. चेहरा उजळला.

"ही माझी. या, हात लावा सगळ्यांनी. दगड आहे दगड. हा फास बघा कसा बसलाय. असं बांधणारं दुसरं माणूस या गावात जन्मलेलं नाही."

कुणी हात लावला नाही. ग्रिसेल्दा म्हणाली, "आई, पुरे झालं, शाल काढा."

"का? आता तुझी पाळी आली म्हणून?" बाई झोळी धरून धरून दुसऱ्या टोकाला गेल्या. गाठीला बोट लागताच त्यांनी नाक मुरडलं. "आणि ही आमच्या वाचबाईंची! बघा हो, फासात माझी दोन बोटं जातात. हिच्यावर पोर निजवणार होतात? सव्वीस वर्षं शिकवतेय मी हिला, सव्वीस वर्षं! यापेक्षा एखाद्या माकडाला शिकवलं असतं तर त्याने आत्तापर्यंत दुकान टाकलं असतं."

आणि कुणी पुढे व्हायच्या आत त्यांनी दोराचं शेपूट ओढलं. झोळी धप्पकन खाली आली. आतली बाळाची चिमुकली उशी सिमेंटवर जाऊन पडली.

"आता मी बांधते, मग बघा," असं म्हणत बाईंनी शाल वर सरकवली. नाकासमोर हिरवा क्रूस होता, झगा घालून.

एक पोरगं फिसकन हसलं आणि त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. परसातलं कालवण तेवढं रटरटत होतं.

"माझीच होती ती, आई," ग्रिसेल्दा शांतपणे म्हणाली. "सकाळी गडबडीत मीच या बाजूला बांधली."

दार असं सताड उघडून दिल्यावर कुठलंही शहाणं माणूस मान खाली घालून त्यातून निघून गेलं असतं. पण सोस्तेनाबाईंना ते खोटं गाठ सुटण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"खोटं बोलू नकोस!" त्या कडाडल्या. "क्रुसाच्या बाजूला तुझा हात मी लागू दिलाय कधी? सव्वीस वर्षांत एकदा तरी?"

बोलून झालं, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

त्यांनी त्या उशीकडे पाहिलं. ती पडली होती तिथेच पोराचं डोकं असतं. मग त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, एखाद्या नोकराने भर बाजारात लाज काढावी तसं. डोळ्यात पाणी आलं होतं, पण समोर क्लेओफास उभ्या होत्या, म्हणून ते आल्या वाटेने परत गेलं.

"बांध," त्या सुनेला म्हणाल्या.

"दोन्ही?"

"दाराकडची शाबूत आहे ना? डोळे फुटले का? ही बांध. डोक्याकडची."

ग्रिसेल्दाने दोर उचलला. तुळईला तीन वेढे, कानातून फेर, पोटाखालून फास, आणि अंगठ्याने ओढ. दोर कुरकुरला. ती बाजूला झाली.

"थुंक," सासू म्हणाली.

"पाण्याचं बोट लावते ना आई. एवढी माणसं बसलीत."

"थुंक म्हटलं ना!"

ग्रिसेल्दा थुंकली. त्या थुंकण्यात सव्वीस वर्षांचा हिशेब होता, असं क्लेओफास पुढे आठवडाभर दारोदार सांगत होत्या. क्लेओफासचं काय ऐकायचं.

येसेनिया पोराला घेऊन पुढे आली, तर सोस्तेनाबाईंनी हात आडवा केला. "आधी मी." त्यांनी अंगावरचा झगा सावरला आणि झोळीत बसल्या. हळूच. दोन्ही पायांची बोटं जमिनीला टेकवून. सगळ्या घराची नजर त्या बोटांवर होती, आणि बोटं काही जमीन सोडत नव्हती.

ग्रिसेल्दाने हाताची घडी घातली.

"पाय उचला, आई," ती म्हणाली. "स्वतः शिकवलेल्या गाठीवर भरवसा नाही तर जमिनीवर झोपा."

लादिस्लाओला ठसका लागला. सोस्तेनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग उजवा पाय उचलला. मग डावा. दोर कुरकुरला, तुळई कुरकुरली, आणि झोळी हलकेच एकदा दाराकडे जाऊन क्रुसाकडे परत आली.

"बघत काय उभी राहिलीस, वाच?" बाई म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "पोर दे इकडे."